‘अप’ म्हणजे नुसते ‘वर’ नव्हे

इंग्रजी क्रियापदाला ‘अप’ हा एवढासा शब्द जोडला की अर्थ पालटतो. ‘गेट अप’ म्हणजे ऊठ, ‘स्टँड अप’ म्हणजे उभा राहा. म्हणून चाचणीत मी ‘गिव्ह अप’चा अर्थ ‘वर देणे’ असा ठोकून दिला. सगळा वर्ग हसला. खरा अर्थ ‘सोडून देणे’. त्यातलं ‘देणे’ तेवढं माझं बरोबर होतं!

फळ्यावर ‘अप’ची लांबलचक यादी लिहून ती घोकायची, हे मला मुळीच पटत नाही. सगळे शब्द सारखेच दिसतात, डोक्यात नुसता काला होतो. पण बाईंनी ‘ईट अप’ म्हणजे ‘खाऊन टाक’, ‘ड्रिंक अप’ म्हणजे ‘पिऊन टाक’ असं सांगितलं, तेव्हा लख्ख कळलं. आपल्या ‘खाऊन टाक’मध्ये तरी कुठे काही टाकायचं असतं? ताट तेवढं रिकामं करायचं असतं.

म्हणून मला वाटतं, यादी नको, वाक्य हवं, आणि तेही आपल्या घरातलं. मी एक केलंय. ‘बाबा, गिव्ह अप टोबॅको.’

पालकसभेला बाबा येणार आहेत. अर्थ वर दिलेला आहेच.