आधी डोळा बघा, मग बंदूक द्या

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायचे स्टॉल लागतात. यंदा मैत्रिणींनी ढकललं म्हणून एअरगन उचलली, खांद्याला लावली, तर स्टॉलवाले काका लगेच म्हणाले, ‘ताई, उलटी धरली की तुम्ही!’ उलटी वगैरे काही नव्हती. मी डावरी आहे, म्हणून बंदूक डाव्या खांद्याला होती.

हे वाक्य मी आधीही ऐकलंय. एनसीसीच्या कॅम्पमध्ये पॉइंट टू-टू रायफलचं फायरिंग होतं. पोटावर झोपले, रायफल डाव्या खांद्याला घेतली, आणि मागून आवाज आला, ‘राइट से!’ उस्तादांशी वाद कोण घालणार? बाजू बदलली. पाच गोळ्या मारल्या, कागदावर दोनच सापडल्या. संध्याकाळी तंबूत सगळ्याजणी आपापलं ग्रुपिंग सांगत होत्या आणि मी बूट पुसत बसले होते. लहानपणी जेवताना आजी डाव्या हातातला घास उजव्या हातात द्यायची, तेच परत आठवलं.

उस्तादांची बाजूही सांगते. त्या रायफलचा बोल्ट उजवीकडे असतो. डावऱ्याला झोपून बोल्ट ओढायचा म्हणजे प्रत्येक गोळीला हात वरून पलीकडे न्यावा लागतो. मागे मुलींची रांग, रेंजची वेळ ठरलेली. तरी मला वाटतं चूक झाली, कारण खांदा ठरवायच्या आधी कुणी माझा डोळा बघितला नाही.

आपल्या दोन डोळ्यांपैकी एकाचं मेंदू जास्त ऐकतो. आत्ता करून बघा. दोन्ही हात लांब करा, दोन पंजे जुळवून मध्ये छोटा त्रिकोण करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा. आता एक डोळा मिटा. घड्याळ जागेवर राहिलं तर उघडा डोळा तुमचा मुख्य. पळालं तर दुसरा. गंमत म्हणजे हात आणि डोळा एकाच बाजूचे असतीलच असं नाही. उजव्या हातानं लिहिणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या एकीचा मुख्य डोळा डावा निघाला. माझा हातही डावा, डोळाही डावा.

रायफलमध्ये हे थोडं झाकून जातं, कारण पुढची-मागची साइट जुळवायला वेळ मिळतो, एक डोळा मिटताही येतो. शॉटगनमध्ये तशी सूट नाही. तिला मागची साइटच नसते, तुमचा डोळाच मागची साइट. दोन्ही डोळे उघडे ठेवून, हलत्या गोष्टीच्या पुढे नळी नेत घोडा दाबायचा. डोळा चुकीच्या बाजूला असेल तर छर्रे दुसरीकडेच जाणार.

हा विषय डोक्यात बसला एका मित्रामुळे. तोही डावरा. परदेशी व्हिडिओ बघून बघून त्याला ‘शिकारीला पण चालेल आणि क्लेला पण’ अशी एकच डावखुरी शॉटगन हवी आहे. त्याला म्हटलं, अर्धा प्रश्न कधीच निकाली निघालाय. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यातल्या 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार संपली. आपल्या नान्नजचा माळढोक, त्याच माळावरचं काळवीट, दोघंही पहिल्या अनुसूचीत. माळढोक एकेकाळी शिकाऱ्यांचा आवडता पक्षी होता. आता तो दिसला तर बातमी होते. रानडुकरं पीक लोळवतात तेव्हा शेतकऱ्याचा जीव जळतो, ते खरंच आहे. पण तिथेही वनखात्याची परवानगी लागते. बंदुकीचा परवाना हातात असला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली असं होत नाही. त्यामुळे यादीतून ‘शिकार’ खोडून टाक, असं मी त्याला सांगितलं. थोडा रुसला.

उरली क्ले. 11 सेंटिमीटरची, साधारण 105 ग्रॅमची मातकट बशी यंत्रातून सुटते आणि ती हवेतच फोडायची. ट्रॅपमध्ये ती समोरून लांब पळते, स्कीटमध्ये दोन बाजूंच्या घरांतून आडवी येते. 2004 मध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्य आणलं. पॅरिसला 2024 मध्ये अनंतजीत नरुका आणि महेश्वरी चौहान यांचं स्कीट मिश्रचं कांस्य 44-43 असं एका बशीनं हुकलं. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेच्या पदकावर आपण फटाके वाजवले (वाजवायलाच हवे होते), पण ही एक बशी किती जणांना आठवते?

डावऱ्यानं काय घ्यावं? माझं मत ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्या असलेली, मधोमध मोडून भरायची बारा बोअर. ऑटोमॅटिक पद्धतीच्या बंदुकीत रिकामं काडतूस उजवीकडून उडतं, म्हणजे डावऱ्याच्या थेट तोंडासमोरून. मोडायच्या बंदुकीत ही भानगड नाही आणि सेफ्टीचं बटण बहुधा वर, अंगठ्याखाली असतं, दोन्ही अंगठ्यांना सारखं. उघडायची कळ उजव्या अंगठ्यासाठी असते, पण तिची सवय होते. न होणारी सवय आहे ती दस्त्याची. बहुतेक दस्ते उजव्यांसाठी किंचित उजवीकडे वाकवलेले असतात. डावऱ्यानं गाल टेकवला की डोळा नळीच्या रेषेत येत नाही आणि प्रत्येक बारला गालावर टोला बसतो. म्हणून दस्ता सरळ किंवा डावीकडे वाकवलेला हवा. तो बदलता येतो. पुढच्या नळीतले चोक बदलता येणारे असतील तर तीच बंदूक ट्रॅपला आणि स्कीटलाही चालते.

‘एकच बंदूक’ हा हट्ट आपल्याकडे तसा वेडेपणाही नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. खेळाडूंना वेगळी सवलत आहे, पण आधी खेळाडू म्हणून सिद्ध तर व्हावं लागतं. परदेशातून मागवणंही सरसकट खुलं नाही, ती वाट मुख्यतः नामवंत नेमबाजांसाठी. म्हणजे नवशिका डावरा शिकणार क्लबच्या बंदुकीवर आणि क्लबची बंदूक बहुधा उजव्याची. तिथेच तो कंटाळून घरी जातो. किमान एक सरळ दस्त्याची बंदूक प्रत्येक शॉटगन रेंजवर असावी, एवढं मागणं जास्त नाही.

आणि कॅम्पमध्ये फायरिंगच्या आदल्या दिवशी त्रिकोणाची चाचणी घ्यावी. एका मुलीला अर्धा मिनिट लागतो. डावऱ्या डोळ्याच्या मुलींना रांगेच्या शेवटी ठेवा, सावकाश बोल्ट ओढू द्या, आम्ही थांबू.

स्टॉलवाल्या काकांनी शेवटी ‘बरं, मारा तशीच’ म्हटलं. दहातले सहा फुटले. सातव्यासाठी परत पैसे मागितले, तेव्हा मैत्रिणींनी ओढत भेळेकडे नेलं.