गळाला लागलेले आजोबा

आमचे तीर्थरूप अप्पा यांनी रत्नागिरीच्या खाडीकाठी सारा जन्म काढला. आई गेल्यावर २०१८च्या पावसाळ्यात थोरले बंधू त्यांना टेक्सासात, ह्यूस्टनजवळच्या केटी गावी, आपल्या घरी घेऊन गेले. घर मोठे, हवेशीर. पण बोलायला शेजार नाही आणि पायी जावे असे दुकान नाही. दर रविवारी दादाचा फोन येई आणि तो एकच गोष्ट सांगे, "अप्पा खिडकीशी बसून असतात रे. बोलत नाहीत." शेवटी नाताळच्या सुट्टीत मी तिकीट काढले.

पोहोचलो तो खिडकीतली खुर्ची रिकामी!

"आजोबा-नातू बागेत गेलेत, मासे धरायला," वहिनी म्हणाल्या.

बागेत मासे? आपल्याकडच्या बागेतल्या तळ्यावर 'पाण्यात हात घालू नये' अशी पाटी असते. तिकडचा प्रकार निराळा. केटीच्या मेरी जो पेकम पार्कमध्ये एक तळे आहे. राज्याचे उद्याने व वन्यजीव खाते टाकीच्या मोटारीतून मासे आणून त्यात सोडते. उन्हाळ्यात कॅटफिश, म्हणजे आपल्या शिंगाळ्याचा मिशाळ भाऊबंद, हिवाळ्यात ट्राउट. मोटार कधी येणार हेही आधी जाहीर होते. सतरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही. म्हाताऱ्यांना तो सवलतीत मिळतो. ट्राउट धरायचे तर माणशी दिवसाला पाच, अधिक नाहीत. पैसा येतो परवान्यांच्या फीतून, आणि १९५० सालच्या एका कायद्यामुळे काठ्या-रिळांवरच्या केंद्रीय करातूनही. थोडक्यात, ज्याने काठी विकत घेतली त्याने तळ्यातल्या माशाचे थोडे पैसे आधीच चुकते केलेले असतात. आमच्या नगरपिता मंडळींना हा हिशेब कोणीतरी समजावून सांगायला हवा!

पण हे सारे सुरळीत झाले नव्हते. ऑक्टोबरात दादाने अप्पांना प्रथम तेथे नेले तेव्हा मोटारीची गोष्ट सांगितलीच नव्हती. अर्ध्या तासात दोन मासे लागले आणि तीन महिन्यांत प्रथमच अप्पा जेवताना बोलले. पुढच्या खेपेला मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत मोटार आली आणि पाण्याबरोबर मासे धडाधड तळ्यात ओतले गेले. अप्पांनी दोरी गुंडाळली.

"हे गरवणं नव्हे. हे रेशनचं दुकान! सरकारने मासा आणून द्यायचा, आणि मी म्हणायचं मी धरला?"

पुन्हा खिडकी. पुन्हा मौन.

त्यातून त्यांना उठवले ते बारा वर्षांच्या नातवाने. दादाची, वहिनींची समजूत वाया गेली होती. हा आपला इंग्रजी वळणाच्या मराठीत रडकुंडीला येऊन म्हणाला, "आजोबा, मी तीन शनिवार गेलो. मला एक पण नाही मिळाला. दुकान आहे तर मला का नाही देत?"

या प्रश्नाला अप्पांपाशी उत्तर नव्हते. ते पाहण्यासाठी पुढच्या शनिवारी ते स्वतःच तळ्यावर गेले. मोटारीतून आलेला असला तरी मासा पाण्यात पडला की मासाच होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. सावली कुठे आहे, वारा कोणत्या काठाला पाणी लोटतो आहे, हे त्यालाही कळते. पोराचा गळ बोटाएवढा मोठा होता, दोरी जाड होती आणि धीर मुळीच नव्हता. अप्पांनी तिन्ही बदलले. तिसऱ्याला वेळ लागला.

मी गेलो त्या शनिवारी थंडी मजेदार होती. पुतण्याच्या काठीला झटका बसला आणि वीतभराहून मोठा, अंगावर गुलाबी पट्टा असलेला ट्राउट काठावर आला. तो मासा पाहून पोर विरघळले. "सोडून देऊ या?"

अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. "हा गार पाण्याचा जीव. इथलं पाणी उन्हाळ्यात तापतं, त्यात हा जगायचा नाही. खायचा असेल तर धरायचा. गंमत म्हणून नाही." पोराने मान हलवली. मासा त्याच्यासमोरच साफ झाला, आणि त्याने तोंड फिरवले नाही. वहिनी घाटावरच्या, तळणीचा कार्यक्रम गॅरेजात झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या माझ्या उशाशी येऊन म्हणाला, "काका, आज गरवायला येतोस?" मी वर्गात बोलीभाषांवर तासन्‌तास बोलतो, पण हा शब्द माझ्या पुण्यातल्या मुलांना ठाऊक नाही. मीच तो घरात कधी उच्चारलेला नव्हता.

त्या दिवशी आम्ही शहरातल्या हर्मन पार्कमध्ये गेलो. तेथल्या मॅकगव्हर्न तळ्यावरचा नियम ऐकून दादा आणि मी एकमेकांकडे पाहतच राहिलो. गळ टाकायची मुभा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना! आम्ही दोघे कर्ते पुरुष बाकावर बसून शेंगा खाऊ लागलो. समोर पाण्याशी दोन पाठी होत्या, एक वाकलेली, एक अजून वाढायची.

२०१९च्या मार्चमध्ये पुतण्याला चौदावे लागले... म्हणजे तेरा पुरी झाली. वाढदिवसाला मी फोन केला तेव्हा अप्पांनीच उचलला.

"त्या शहरातल्या तळ्यावर आता मला एकट्यालाच जायला देतील. मी नाही जायचा. आमचं केटीचंच बरं," ते म्हणाले, आणि मग लगेच तिकडे तोंड करून, "अरे, बाबाला विचार, पुढची मोटार कधी येणार आहे?"