कोंडा ही जिवाणूंची होडी नव्हे

प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पिठांच्या आणि बिस्किटांच्या बाजूने हल्ली एक युक्तिवाद केला जातो. पूर्वपक्ष असा: उपकारक जिवाणू धान्यातल्या तंतूंना चिकटतात, तंतू पचत नाहीत, म्हणून जिवाणू त्या होडीत बसून जठरातले आम्ल सुखरूप पार करतात आणि मोठ्या आतड्यात उतरून तिथे वस्ती करतात. यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे. त्याच्या आडोशाने उरलेली खपून जातात, हीच खरी अडचण.

फिनलंडमधील संशोधकांनी २००१ साली बिफिडोबॅक्टेरियम या उपकारक जिवाणूचे १९ वाण घेतले आणि मका, बटाटा, ओट व बार्ली यांच्या कच्च्या स्टार्चकणांवर ते चिकटतात का, हे तपासले (सहज न पचणारे स्टार्चही तंतूंतच धरतात). सगळे चिकटले नाहीत. जे चिकटले ते आपल्या पेशीवरच्या प्रथिनांच्या साहाय्याने, आणि ही पकड ठरावीक जोडणीच्या ग्लुकोज-साखळीपुरतीच होती. द्रावणात माल्टोज घातले की पकड रोखली जाई, लॅक्टोज घातले तर काही फरक पडत नसे. म्हणजे हे चिकटणे चिखलासारखे आंधळे नाही, ते ओळखून केलेले आहे. आता मुद्द्याची गोष्ट. त्याच संशोधकांनी जठरासारखी परिस्थिती प्रयोगशाळेत उभी केली, तेव्हा आम्लता वाढून पीएच ३ किंवा त्याखाली गेल्यावर चिकटणे रोखले गेले. प्रथिने तोडणाऱ्या विकरानेही तेच केले. पित्ताचा परिणाम झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पित्ताची गाठ जठरानंतर पडते. जेवल्यावर आम्लता काही काळ उतरते, हेही मान्य. मात्र अन्न पुढे सरकेपर्यंत ती पुन्हा चढते. होडी बुडते ती नेमकी जिथे तिची गरज असते तिथेच.

यावर कोणी म्हणेल की भाजलेल्या बिस्किटातही काही जिवाणू जिवंत सापडतात. सापडतात. बॅसिलस कोॲग्युलन्स हा त्यातला एक. पण तो तगतो त्याच्या बीजाणूच्या कठीण कवचामुळे. त्याचे श्रेय कोंड्याला देणे चूक आहे.

आंबिलीत जिवंत जिवाणू असतात असे मानून आपणही असाच घोळ घालतो. नाचणीचे पीठ रात्रभर ताकात भिजवले की सकाळी आंबूस वास येतो, वर बारीक बुडबुडे धरतात. जिवाणूंनी काम केल्याची ती खूण. मग आपण ते चुलीवर ठेवतो, रटरट शिजवतो आणि ते जिवाणू तिथेच मरतात. आंबील त्यामुळे कमी मोलाची ठरत नाही: आंबवण्याने नाचणीतले, खनिजे अडवून धरणारे फायटेट घटते, आणि तंतूही वाया जात नाहीत. जिवंत जिवाणू हवे असतील तर मात्र आंबील गार झाल्यावर वरून ताजे ताक घालावे.

मग तंतूंना चिकटण्याला काहीच अर्थ नाही का? फार मोठा अर्थ आहे, पण तो मोठ्या आतड्यात आहे, आणि तिथले चिकटणारे जिवाणू आपल्यात आधीपासून राहणारे आहेत. रुमिनोकॉकस ब्रोमाय हा त्यातला मानकरी. सहज न पचणारे स्टार्च तो फोडू लागला की शेजारच्या जातींनाही त्यातले अन्न मिळते. २०१२ साली ॲबरडीनच्या रोवेट संस्थेतील संशोधकांनी त्याला या कामातला कळीचा जिवाणू ठरवले. गव्हाच्या कोंड्यावर वेगळी मंडळी बसतात, स्टार्चवर वेगळी. त्यांच्या कामातून निघणारे ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे. ‘चोथाच तो, आतडे झाडून बाहेर पडतो’ हे आपल्याकडचे जुने मत इथे टिकत नाही. त्या चोथ्यावर आपल्या शरीरातल्या पेशी पोसल्या जातात.

म्हणून माझे म्हणणे आहे की तंतूकडे वाहन म्हणून नव्हे, अन्न म्हणून पाहावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार गव्हाच्या कणकेत १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीन ग्रॅमहूनही कमी. बाजरी आणि नाचणी कणकेच्याच जवळपास, ज्वारी जराशी मागे. हा फरक बारीक चाळणीत आणि गिरणीत ठरतो, औषधाच्या दुकानात नव्हे. भात किंवा भाकरी शिजवून गार झाली की त्यातल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि सहज पचत नाही. शिळी भाकरी ताकात कुस्करून खाणाऱ्याच्या पोटातल्या जिवाणूंना हा वाटा रोज पोचतो. ज्यांच्या जेवणात तंतू कमी होते त्यांनी मात्र ते हळूहळू वाढवावेत, नाहीतर पोट फुगते आणि दोष धान्याला मिळतो.

प्रोबायोटिकला माझा सरसकट विरोध नाही. काही ठरावीक वाणांचा ठरावीक आजारांत उपयोग दिसला आहे. २०१८ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील अभ्यासात मात्र असे आढळले की तेच जिवाणू काहींच्या आतड्यात तात्पुरते बस्तान बसवतात, तर काहींच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही. तेव्हा ‘तंतूंना चिकटलेले जिवाणू’ एवढे छापून भागणार नाही. कोणता वाण, वापराच्या शेवटच्या तारखेला किती जिवंत, आणि त्याच वाणाची माणसांवर कोणत्या तक्रारीसाठी चाचणी झाली, हे विक्रेत्याने पाकिटावर लिहावे. तोवर त्या पाकिटासाठी कोणी जादा पैसे मोजू नयेत.