बुद्धिबळाचा घोडा आणि भिंतीवरचा शिपाई

संरचनावादाची तोंडओळख करून देणाऱ्या पाठ्यपुस्तकांत बुद्धिबळाचा पट बहुधा ठरलेल्या जागी मांडलेला असतो. सोस्यूरच्या व्याख्यानांवरून त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, सिद्ध झालेल्या ग्रंथात हा दृष्टान्त येतो. खेळताना घोडा हरवला तर त्याच्या जागी कोणतीही वस्तू ठेवावी. तिला घोड्याचे मूल्य दिले की ती घोडाच होते. मोहरा हस्तिदंती आहे की लाकडी, हा प्रश्न खेळाच्या व्याकरणाबाहेरचा. जो अडीच घरे चालतो तो घोडा, मग त्याला आयाळ असो वा नसो. हा दृष्टान्त इतका सोयीचा ठरला की तो तपासून पाहण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. भाषेविषयी काही सांगण्यासाठी उसना घेतलेला एक खेळ हळूहळू सर्व खेळांचा नमुना झाला, आणि त्याच वाटेने सर्व संहितांचाही.

खेळांच्या अभ्यासात या भूमिकेला अत्यंत ठाम रूप दिले ते एस्पेन आर्सेथ यांनी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी खेळाचे तीन घटक कल्पिले: नियम, चिन्हांनी बनलेले खेळविश्व आणि प्रत्यक्ष खेळणे. यांपैकी खेळविश्व हा घटक त्यांनी सर्वांत आगंतुक ठरवला. ‘टूम रेडर’ या संगणकीय खेळाची नायिका लारा क्रॉफ्ट हिच्या देहाची ठेवण खेळाडू या नात्याने अप्रस्तुत आहे, देह निराळा असता तरी खेळणे बदलले नसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रत्येक खेळाला कादंबरीच्या मापाने मोजू पाहणाऱ्या कथनमीमांसकांना रोखणे हा त्यामागचा हेतू, आणि तो समर्थनीयच होता. परंतु त्यासाठी मोजलेली किंमत जबर आहे. नियम म्हणजे विदेही आकृतिबंध आणि देह म्हणजे त्यावर चढवलेला रंग, अशी फाळणी त्यातून रूढ झाली. लारा क्रॉफ्ट ही भिंती आणि कडे चढणारी नायिका आहे, एवढे इथे ध्यानात ठेवलेले बरे.

ही फाळणी कुठे कोसळते हे पाहायचे तर संगणकाचा पडदा सोडून मिनिएचर वॉरगेमच्या टेबलाकडे वळावे लागते. जेमतेम इंचभर उंचीच्या, धातूच्या वा प्लॅस्टिकच्या रंगवलेल्या मूर्ती. त्यांच्या पायाशी चिकटवलेली चकती. टेबलावर उभी केलेली पडकी घरे, मनोरे, कुंपणे. मोजपट्टी आणि फासे, एवढी या खेळाची सामग्री. इथे घरे आखलेली नसतात. अंतर मोजले जाते. एच. जी. वेल्स याने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’मध्ये पायदळाला एका खेपेस एक फूट आणि घोडदळाला दोन फूट चाल दिली. त्याच्या खेळण्यातल्या तोफांतून लाकडी नळकांडी खरोखरच सुटत आणि ती लागून शिपाई आडवा झाला की तो कामी आला असे मानले जाई. शिपायाच्या जागी बटण ठेवून हा खेळ खेळता आला नसता.

तरीही सपाट जमिनीपुरता सोस्यूरचा दृष्टान्त कसाबसा तग धरतो. सहा इंच पुढे सरकायचे तर मूर्ती काय आणि बटण काय, मोजपट्टीला फरक पडत नाही. खरी कसोटी लागते ती भिंतीपाशी. वर जाण्याचा नियम लिहिताना नियमकर्त्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहते. शिपाई भिंत चढू शकतो, पण शिपायाची मूर्ती चढू शकत नाही. ती चकतीवर घट्ट उभी आहे, तिचे हात तलवारीत गुंतले आहेत आणि उभ्या भिंतीला ती चिकटत नाही. सपाटीवर जे चिन्ह आपल्या अर्थाशी गुण्यागोविंदाने नांदत होते, ते उंचीवर त्याच्यापासून विलग होते. चढण्याचे नियम म्हणजे या विलगतेचा करारनामा होय.

१९९९ सालचा ‘मॉर्डहाइम’ हा खेळ याचे उत्तम उदाहरण आहे. उद्ध्वस्त नगरीतल्या टोळ्यांच्या या खेळात चढू पाहणारी मूर्ती खेपेच्या आरंभी भिंतीला टेकलेली असावी लागते. तिने चपळाईची परीक्षा द्यायची: एक फासा टाकायचा आणि दान तिच्या चपळाईच्या अंकाइतके वा त्याहून कमी पडावे लागते. चढताना परीक्षा फसली तर ती त्या खेपेस जागची हलत नाही. उतरताना फसली तर ती कोसळते, आणि जिथून उतरायला सुरुवात केली तिथून कोसळते. भिंतीची उंची मूर्तीच्या एका खेपेच्या चालीपेक्षा अधिक असेल तर चढता येतच नाही.

या कलमांचे वाचन ‘वास्तवाचे अनुकरण’ म्हणून केले तर ती हास्यास्पद ठरतात. चार इंच चाल असलेल्या माणसाला पाच इंचांची भिंत अशक्य का असावी? त्याने अर्धी भिंत आता आणि अर्धी पुढच्या खेपेस का चढू नये? उतरणारा पडतो तो नेहमी माथ्यावरूनच का? उत्तर गिर्यारोहणशास्त्रात सापडणार नाही. ते मूर्तीच्या देहात आहे. मूर्तीला भिंतीच्या मध्यावर लटकता येत नाही, म्हणून नियमाला मध्य नाही. ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या २०२३ सालच्या दहाव्या आवृत्तीतही चढण अर्ध्यावर असताना चाल संपवण्यास मनाई आहे. आर्सेथ यांच्या मते देह नियमाला अप्रस्तुत. इथे तर देहाची असमर्थता हीच नियमाची जननी आहे.

अनुकरणवाद्यांचा समाचार इथे ओघानेच घेतला पाहिजे, कारण आकृतिवाद्यांना विरोध करताना पुष्कळजण त्यांच्या छावणीत जाऊन बसतात. चढण्याचा नियम जितका प्रत्यक्ष चढाईसारखा तितका तो उत्तम, अशी त्यांची धारणा असते. या धारणेला खेळाचा इतिहास साथ देत नाही. हेलविगच्या १७८० सालच्या चौकोनी पटावर डोंगराला वेगळ्या रंगाचे चौकोन होते. डोंगर हा तिथे वाटेतला अडसर होता. राइसविट्झने १८२४ साली चौकोन काढून टाकले, १:८००० प्रमाणाचा नकाशा पसरला आणि दोन मिनिटांची एक खेप ठरवली. तिथे चढ सैन्याच्या गतीतून वसूल होऊ लागला. २०१५ सालच्या ‘फ्रॉस्टग्रेव्ह’मध्ये फासा नाहीच: एक इंच चढायला दोन इंच चाल खर्च होते. ‘मॉर्डहाइम’मध्ये मात्र चढ ही जोखीम आहे. अडसर, किंमत आणि जोखीम ही उंचीची तीन आकलने आहेत. यांतले कोणते अधिक खरे, हा प्रश्न गैरलागू आहे. ‘फ्रॉस्टग्रेव्ह’मधला चढणारा हिशेबी असतो, ‘मॉर्डहाइम’मधला धाडसी किंवा हताश. नियम बदलला की माणूस बदलतो.

याचा पुरावा अंकांतच आहे. ‘मॉर्डहाइम’मधल्या सामान्य माणसाची चपळाई ३, म्हणजे चढण्याची शक्यता निम्मी. स्केव्हन या उंदीरमानवांतल्या साध्या योद्ध्याची चपळाई ४ आणि चाल ५ इंच; तो माणसाला अशक्य असलेली पाच इंचांची भिंतही चढू पाहतो आणि तीनपैकी दोनदा यशस्वी होतो. चालत्या प्रेताची चपळाई १. सहापैकी पाचदा ते भिंतीखालीच ताटकळते. एकही विशेषण न वापरता इथे तीन स्वभावचित्रे उभी राहिली आहेत. या खेळांचे वाङ्मयीन मोल शोधायला निघालेले समीक्षक मात्र पुस्तिकेतली पार्श्वकथा, राजवंशांचे इतिहास आणि जोडीने छापलेल्या कादंबऱ्या चाळतात, आणि नियमांची पाने हिशेबाची वही समजून उलटतात. कथनमीमांसक आणि आकृतिवादी यांचे भांडण कितीही कडाक्याचे असो, नियमांत कथा नसते यावर दोघांचे एकमत आहे. दोघेही चुकतात ते नेमके तिथेच.

आकृतिवाद्यांकडून दोन आक्षेप येऊ शकतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा: डळमळीत जागी मूर्ती उभी राहत नसेल तर ती सुरक्षित जागी ठेवावी आणि तिचे ‘खरे’ स्थान दोन्ही खेळाडूंनी संमतीने लक्षात ठेवावे, अशी तरतूद ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या काही आवृत्त्यांत होती. मग चिन्ह एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे असा सोस्यूरचाच कारभार पुन्हा प्रस्थापित झाला नाही काय? झाला, पण आपद्धर्म म्हणून. बुद्धिबळात यादृच्छिकता हा कायदा आहे. इथे ती कायद्याने दिलेली तात्पुरती सवलत आहे. शिवाय त्या छपरावरून कोण दिसते हे ठरवायचे झाले की मूर्ती उचलून पुन्हा छपरावर धरावी लागते, कारण अशा खेळांत दृष्टिरेषा मूर्तीच्या डोळ्यांतून पाहिली जाते. अर्थाला परत देहाशी यावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ‘इन्फिनिटी’ या खेळाच्या २०१४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक मूर्तीला ठरावीक मापाचा एक काल्पनिक दंडगोल बहाल केला. मूर्ती वाकलेली असो की हात उंचावून उभी, दृष्टिरेषेसाठी त्या दंडगोलाचे माप ग्राह्य. देह नियमातून हद्दपार झाला, असे यावरून म्हणता येईल. पण हद्दपारीचा हुकूम कोणावर बजावला जातो? ज्याची सत्ता आहे त्यावर. बुद्धिबळाच्या नियमांना घोड्याची मान किती लांब असावी याची चिंता वाहावी लागत नाही, कारण त्या मानेने कधी काही बिघडवले नाही. मूर्ती मुद्दाम ओणवी घडवून आडोशाचा लाभ उठवणे ही मात्र या खेळातली ओळखीची लबाडी आहे. जिथे शिल्पकाराचा हात खेळाचा निकाल फिरवू शकतो तिथे देहाला आगंतुक म्हणणे ही सैद्धांतिक डोळेझाक होय. आणि दंडगोल आला तरी चकतीचा व्यास उरतोच. अरुंद कठड्यावर ती मावते की नाही याचा निवाडा कोणतेही मूल्य करीत नाही, तो कठडाच करतो.

हा वाद छंदिष्टांच्या टेबलापुरता असता तर त्यात समीक्षेने पडण्याचे कारण नव्हते. परंतु बुद्धिबळाच्या पटावरून शिकवली जाणारी चिन्हमीमांसा वर्गाबाहेर पडते तेव्हा तिच्या सोबत एक सवय येते: माध्यमाला अर्थाचे वाहन समजण्याची. छापलेले पान, उच्चारलेला आवाज, नटाचे शरीर ही सारी तिला बदलता येण्याजोगी मोहरी वाटतात. जात्यावरची ओवी संग्रहात छापली की तिचे मूल्य शाबूत राहिले असे समजणाऱ्या अभ्यासकाने, कळत-नकळत, हरवलेल्या घोड्याच्या जागी बटण ठेवलेले असते. दळणाऱ्या हाताची फेरी आणि भरलेला श्वास यांनी तिची लय घडवली होती. ती गेली की नुसता आशय गेला नाही असे म्हणून भागत नाही, तिचा नियमच हरपलेला असतो.

सोस्यूरचा दृष्टान्त खोटा आहे असे नव्हे. तो बुद्धिबळापुरता खरा आहे. ज्या खेळात भिंत नाही, पडणे नाही, ज्याचे मोहरे कशालाही टेकत नाहीत आणि कशावरूनही घसरत नाहीत, त्या खेळाचे ते अचूक वर्णन आहे. साहित्य हा तसा खेळ आहे हे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही. ते गृहीत धरले गेले आहे. चार इंचांच्या भिंतीपाशी उभा असलेला शिपाई त्या गृहीताला हरकत घेतो. त्याने वर जायचे की नाही हे फासा ठरवील, पण वाटेत थांबता येणार नाही हे त्याच्या देहाने आधीच ठरवून टाकले आहे.