चार आठांचा मंत्र

इंटरनेट हळू चालतंय अशी तक्रार कुणी केली की एक सल्ला हमखास मिळतो: राउटरच्या सेटिंगमध्ये जा, डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका आणि मग बघा कसं पळतं ते. सल्ला अगदीच हवेतला नाही. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये आपली सार्वजनिक डीएनएस सेवा सुरू केली आणि क्लाउडफ्लेअरने १ एप्रिल २०१८ रोजी, तेव्हा दोघांनीही वेगाचा मुद्दा ठासून मांडला होता. तो दावा खोटाही नव्हता. पण तो होता उत्तर मिळण्याच्या वेगाबद्दल. पान उघडण्याचा वेग ही निराळी गोष्ट आहे, आणि या दोन्हींची गल्लत झाल्यामुळेच आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी असा प्रकार घरोघरी चालू आहे.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडलेली डीएनएस ही व्यवस्था करते ते काम एवढंच: संकेतस्थळाचं नाव द्या, ती त्याचा आकडी पत्ता सांगते. चौकातल्या पानवाल्याला पत्ता विचारावा तसंच हे. तो चटकन सांगेल किंवा आठवून सांगेल, पण पुढच्या रस्त्यावरचे खड्डे काही त्याच्या हातात नसतात. पत्ता कळल्यावर पानाचा मजकूर, चित्रं, व्हिडिओ जे काही येतं त्यातला एक बाइटही डीएनएसमधून जात नाही. आता हिशेब मांडू. जुनी सेवा एका नावाला ३० मिलिसेकंद घेते आणि नवी १० घेते असं धरा. एका पानासाठी दहा-पंधरा नावं शोधावी लागली तरी बहुतेक विचारणा एकाच वेळी सुटतात. एकीमागून एक थांबावं लागतं ते फार तर तीनदा. म्हणजे बचत झाली ६० मिलिसेकंदांची. पान उघडायला तीन सेकंद लागत असतील तर ही बचत शेकडा दोन. ऑनलाइन खेळणारी मुलं ‘पिंग’ कमी व्हावा म्हणून डीएनएस बदलतात, त्यांच्या पदरात तर एवढंही पडत नाही. सामना सुरू झाल्यावर कुणी कुणाला पत्ता विचारतच नसतं.

शिवाय ही बचत होते ती पहिल्या खेपेपुरती. टर्मिनलमध्ये ‘डिग’ ही आज्ञा देऊन एखादं नाव विचारलं तर उत्तरात नावाशेजारी एक आकडा दिसतो, समजा ३००. दहा सेकंदांनी पुन्हा विचारलं की तिथे बहुधा २९० असतं. हे उत्तर आणखी किती सेकंद जपून ठेवायचं, त्याची ती उलटी मोजणी. तोवर ब्राउझर, संगणक, राउटर यांपैकी कुणीतरी ते उत्तर राखून ठेवलेलं असतं आणि बाहेर विचारायची वेळच येत नाही. डीएनएसची तुलना करणारी सॉफ्टवेअरं रंगीत आलेख काढून दाखवतात, तेव्हा ती फक्त पानवाल्याची चपळाई मोजत असतात, प्रवास नाही.

उलट कधीकधी नुकसानही होतं, आणि हा मुद्दा सल्ला देणाऱ्यांच्या गावीही नसतो. अकामाईसारख्या कंपन्या एकाच मजकुराच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवतात आणि प्रश्न कुठल्या डीएनएसकडून आला त्यावरून जवळचा सर्व्हर ठरवतात. डीएनएस दूरच्या शहरात असेल तर मजकूरही दुरूनच येतो. प्रश्नासोबत ग्राहकाच्या नेटवर्कचा अर्धवट पत्ता पाठवण्याची सोय केल्यावर काय झालं, ते अकामाईच्या अभियंत्यांनी २०१५ साली मांडलं: सार्वजनिक डीएनएस जिथे ग्राहकांपासून फार लांब होते, तिथे डाउनलोडचा वेळ जवळजवळ निम्मा झाला. म्हणजे आधी तेवढा वेळ वायाच जात होता. गूगल हा अर्धवट पत्ता पुढे पाठवतं; क्लाउडफ्लेअर खासगीपणाच्या कारणाने पाठवत नाही आणि आपले सर्व्हर शहरोशहरी असल्यावर भिस्त ठेवतं. ते शहर आपल्या जवळचं असेल तर प्रश्न मिटला.

यावर कुणी म्हणेल, “हे सगळं कागदावर ठीक, पण आमच्याकडे बदलल्याबरोबर फरक पडला त्याचं काय?” पडलाही असेल. बदल करताना राउटर बंद करून चालू केलेला असतो, ते श्रेय डीएनएसला जातं. पण खरीखुरी उदाहरणंही आहेत. काही स्थानिक नेटवाल्यांचे डीएनएस सर्व्हर संध्याकाळच्या गर्दीत मान टाकतात, एखाद्या प्रश्नाला उत्तरच देत नाहीत आणि संगणक काही सेकंद वाट पाहून पुन्हा विचारतो. तिथे बदल जरूर करावा. तो झाला बिघाडावरचा इलाज. धडधाकट माणसाला तेच औषध पाजलं म्हणून तो जोरात पळू लागत नाही. दुखणं ओळखणंही सोपं आहे: पान बराच वेळ कोरं राहून मग एकदम भरत असेल तर डीएनएसवर संशय घेता येतो; पण पान लगेच सुरू होऊन चित्रं ठिबकत येत असतील तर दोष वायफायचा, लाइनचा किंवा त्या संकेतस्थळाचा. खात्रीच करायची तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये प्रत्येक विनंतीपुढे डीएनएसला लागलेला वेळ वेगळा दाखवलेला असतो.

मग पर्यायी डीएनएस घेऊच नये का? घ्यावा, पण कारण दुसरं हवं. सप्टेंबर २००३ मध्ये .कॉम आणि .नेट नावांची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरीसाइनने अस्तित्वात नसलेल्या अशा प्रत्येक नावाला आपल्याच पानाकडे वळवायला सुरुवात केली. ओरड झाल्यावर नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅन संस्थेने ऑक्टोबरमध्ये ते थांबवायला लावलं. पुढे अनेक देशांतल्या इंटरनेट कंपन्यांनीही तोच धंदा केला: नाव चुकलं की ‘असं नाव नाही’ या सरळ उत्तराऐवजी जाहिरातींचं पान. खोटं न बोलणारा पानवाला निवडणं हे सबळ कारण आहे. २०१७ पासून चालू असलेली क्वाड९ ही डीएनएस सेवा फसव्या संकेतस्थळांचे पत्ते देतच नाही, हेही सबळ कारण. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे, तिथे योग्य सेवेचं नाव टाकलं की आपले प्रश्न वाटेत कुणाला वाचता येत नाहीत. अर्थात नेटवाल्याला बाकीच्या खुणांवरून बरंच कळतं आणि विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवलेला असतो, हे विसरू नये. शिवाय या कुलूपबंद विचारणेला पहिल्या जोडणीच्या वेळी थोडा जास्तच वेळ लागतो. तेवढे मिलिसेकंद मोजायला माझी तरी हरकत नाही.