कागद हाच माल

व्यापारातील कागदपत्रांकडे पाहण्याची आपली दृष्टी बहुधा ‘सोपस्कार’ या एका शब्दात सामावलेली असते. माल चांगला, गिऱ्हाईक ओळखीचे, भाव ठरलेला. मग बिल्टी, पावती, विमापत्र हे सारे सवडीने पूर्ण करावयाचे उपचार, अशी ही धारणा आहे. काउंटरच्या दोन्ही बाजूंना ती आढळते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती धोक्याची आहे. कारण काही व्यापारी कागद मालाविषयी केवळ माहिती देत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ते मालाच्या जागी उभे असतात.

हा भेद आधी स्पष्ट व्हावयास हवा. बीजक काय विकले व किती किमतीस विकले ते सांगते. विमापत्र जोखीम कोणी उचलली ते सांगते. या दोहोंपैकी कोणताही कागद हाती आला, तरी तेवढ्यावर कोणी मालाचा ताबा मागू शकत नाही. मात्र मालविक्री कायदा, १९३० याच्या कलम २(४) मध्ये बिल ऑफ लेडिंग, गोदामपालाचे प्रमाणपत्र, रेल्वे पावती इत्यादींना मालाचे हक्कदर्शक दस्तऐवज म्हटले आहे. व्यापाराच्या नेहमीच्या ओघात असा कागद मालावरील ताब्याचा पुरावा मानला जातो आणि पृष्ठांकन करून तो दुसऱ्याच्या स्वाधीन करता येतो.

याचे मोल किती, हे ‘मोरवी मर्कंटाईल बँक विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याने दाखवून दिले. १९४९ साली एका व्यापारी पेढीने ठाण्याहून दिल्लीजवळील ओखला येथे सहा खोकी रेल्वेने रवाना केली. त्यांत मेंथॉलचे स्फटिक असल्याची नोंद होती. माल ‘सेल्फ’ म्हणून पाठविलेला होता. पेढीने रेल्वे पावत्या बँकेच्या नावे पृष्ठांकित करून २०,००० रुपयांची उचल घेतली. पुढे रेल्वेने देऊ केलेल्या खोक्यांत मेंथॉल नसून कॉस्टिक सोडा आहे, असे सांगून बँकेने ती नाकारली आणि मालाची किंमत म्हणून ३५,५०० रुपयांचा दावा दाखल केला.

प्रश्न मूलभूत होता. बँकेने माल डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता; तिच्या हाती होत्या त्या केवळ दोन पावत्या. ताबा न घेता गहाण कसे पूर्ण होणार? ठाण्याच्या न्यायालयाने दावा फेटाळला. उच्च न्यायालयाने तो उचलीच्या २०,००० रुपयांपुरताच मान्य केला. अखेर १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला, की रेल्वे पावती हा हक्कदर्शक दस्तऐवज असून तो स्वाधीन करून मालाचे वैध गहाण करता येते आणि गहाणदार बँक मालाच्या पूर्ण किमतीसाठी दावा करू शकते.

या निर्णयाचा खरा लाभ बँकेपेक्षा लहान व्यापाऱ्याला अधिक आहे. मोठ्या कंपनीला पत असते. लहान व्यापाऱ्याचे बरेचसे भांडवल वाटेवरच्या मालात अडकलेले असते. तो माल इष्ट स्थळी पोहोचण्यापूर्वीच त्यावर पैसा उभा करता येतो, तो केवळ कागदाला असलेल्या या प्रतिष्ठेमुळे. म्हणूनच मूळ पावती परत न घेता ‘ओळखीवर’ माल सोडणारा वाहतूकदार एका व्यवहारापुरते नुकसान करीत नाही. त्या मार्गावरील प्रत्येक प्रामाणिक व्यापाऱ्याच्या कागदाची पत तो कमी करतो.

परदेशी व्यापारात तर कागदाचे राज्य याहून कठोर आहे. १ जुलै २००७ पासून अमलात आलेल्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात बँका कागदपत्रांचा विचार करतात, मालाचा नव्हे. द्राक्षे उत्कृष्ट असली, तरी बिल ऑफ लेडिंगवरील तारीख ठरलेल्या शेवटच्या तारखेच्या एक दिवस पुढची असेल, तर परदेशी बँक पैसे देण्यास नकार देऊ शकते. मग नाशवंत माल परक्या बंदरात आणि निर्यातदार आयातदाराच्या मर्जीवर, अशी अवस्था होते.

अशा वेळी तांत्रिक बाबींवरून प्रामाणिक माणूस नाडला जातो, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. परंतु त्यावर उपाय म्हणून नियम सैल केले, तर हजारो मैलांवरील दोन अनोळखी माणसांमध्ये विश्वासाचे दुसरे साधनच उरणार नाही. उपाय आहे तो तपासणीची वेळ बदलण्याचा. आज कागदपत्रे सादर झाल्यावर आपण त्यांतील उणिवा दाखवितो. तोपर्यंत जहाज सुटलेले असते. पतपत्र हाती येताच, माल निघण्यापूर्वी, शाखाधिकाऱ्याने ग्राहकाशेजारी बसून त्यातील प्रत्येक अट त्याला समजेल अशा भाषेत उलगडून सांगावी. जी अट पाळता येणार नाही, ती तेव्हाच बदलून घेता येते. ग्राहकानेही कोऱ्या कागदावर सही करण्याची सवय सोडावी आणि प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारावेत: माल कोणाच्या हुकुमावर मिळणार, त्याचे वर्णन करारातील शब्दांशी जुळते का, आणि मूळ प्रत कोणाकडे आहे?

काळाबरोबर कागदाचे रूप पालटत आहे. २०१७ पासून गोदाम पावत्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळू लागल्या. १८५६ च्या बिल्स ऑफ लेडिंग कायद्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली. रूप कोणतेही असो, त्यामागचे तत्त्व तेच राहणार आहे. गोदामाच्या किल्ल्या आपण जितक्या जपून हाताळतो, तितक्याच जपून हे दस्तऐवज हाताळणे हे ग्राहकाच्या आणि बँकेच्या समान हिताचे आहे.