कुलूप शाबूत आहे हो!

लिनक्स अपग्रेड केलं, मशीन रीस्टार्ट केलं, आणि पासफ्रेज विचारणारी ती ओळखीची ओळ आलीच नाही. काळ्या स्क्रीनवर रूट डिस्क सापडत नसल्याची तक्रार आणि खाली इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट. लगेच शेजारच्या क्यूबिकलमधून शेरा येतो, "एन्क्रिप्शन केलंस ना, भोग आता!" मग डेटा गेलाच असं समजून फॉरमॅट, आणि नव्या इन्स्टॉलमध्ये एन्क्रिप्शनला कायमचा रामराम. माझ्या मते हा शुद्ध आततायीपणा आहे.

कारण बहुतेक वेळा बिघडलेलं असतं ते एन्क्रिप्शन नव्हेच. नेहमीच्या सेटअपमध्ये बूट पार्टिशन उघडंच असतं आणि त्यावर इनिटरॅमएफएस नावाची छोटीशी तात्पुरती सिस्टिम असते. पासफ्रेज विचारायचं काम तिचं. नवा कर्नल आला की ती नव्याने बनते, आणि घोळ होतो तो इथे. कधी बूट पार्टिशन भरलेलं असतं, कधी क्रिप्टसेटअप आत जायचंच राहतं. २०१९च्या डेबियन १० मध्ये हा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये गेला. ज्यांच्याकडे ते पॅकेज आलं नाही, त्यांचा प्रॉम्प्ट गायब! म्हणजे कुलूप शाबूत आहे, किल्ली मागायला दारात कोणी नाही, एवढंच.

तेव्हा आधी ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडून बघा. त्याचा इनिटरॅमएफएस बरेचदा जसाच्या तसा असतो. नाहीच जमलं तर लाइव्ह यूएसबी. क्रिप्टसेटअपने पार्टिशन उघडा, एलव्हीएम असेल तर तो ॲक्टिव्हेट करा, रूट आणि बूट माउंट करा, देव-प्रॉक-सिस बाइंड करून क्रूट करा, हरवलेलं पॅकेज टाका आणि इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा. एक मेख मात्र आहे. पार्टिशन उघडताना दिलेलं नाव क्रिप्टटॅबमधल्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. नाहीतर नवा इनिटरॅमएफएस बनतो, पण त्यात कुलपाची नोंदच नसते, आणि तुम्ही पुन्हा त्याच काळ्या स्क्रीनसमोर.

डिस्ट्रोवाल्यांवर माझा राग आहे तो वेगळ्याच कारणासाठी. अशी गडबड झाली की बऱ्याचदा वॉर्निंग येते, पण अपग्रेडच्या शेकडो ओळींत ती कुठल्या कुठे वाहून जाते. इतकी महत्त्वाची गोष्ट रीस्टार्टच्या आधी थांबवून विचारायला काय हरकत आहे?

डेटा खरंच जातो तो घाईघाईच्या फॉरमॅटमध्ये. लुक्सचा हेडर पार्टिशनच्या सुरुवातीला असतो, लुक्स२ मध्ये साधारण १६ एमबी. तो पुसला गेला की बरोबर पासफ्रेजही कामाची नाही. त्याचा बॅकअप एका कमांडचं काम आहे. तो त्याच डिस्कवर ठेवू नका म्हणजे झालं! आणि हो, पुढे पासफ्रेज बदललीत तरी जुन्या बॅकअपला जुनीच चालते, तेव्हा तो पेन ड्राइव्ह टेबलावर टाकू नका.